पिंजऱ्यातली बाई आणि कागदावर न आलेला पुरुष

निवृत्त_कारकून (धागाकर्ता), गिरगाव

मुंबईतल्या एका फौजदारी न्यायालयात तेहतीस वर्षे कारकुनी करून मी निवृत्त झालो. रोजनामा लिहिणे, मुद्देमालाची नोंद ठेवणे, पट्टेवाल्याचा पुकारा झाला की साक्षीदाराकडून शपथ वदवून घेणे, असे ते काम होते. विधी महाविद्यालयात शिकणारी माझी भाची गेल्या महिन्यात घरी आली. तिला बाळहत्येच्या एका जुन्या खटल्यावर टिपण लिहायचे होते. तिने विचारले, "मामा, या खटल्यात बाळाचा बाप कोण होता?" मला उत्तर देता आले नाही, आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न आपल्यालाही पडला नाही याची थोडी लाज वाटली. म्हणून हा धागा.

तो खटला १८८१ सालचा. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने आपले अनौरस मूल जन्मताच मारले, असा आरोप होता. सुरतेच्या सत्र न्यायालयाने तिला फाशी सुनावली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून काळ्या पाण्याची जन्मठेप दिली आणि पुढे सरकारने ती पाच वर्षांवर आणली. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण तो कागदावर होता. पुन्हा लग्न करणारी विधवा जातीबाहेर आणि गरोदर राहिलेली विधवा तर माणसांतूनच बाहेर, अशी घरोघरची स्थिती होती.

या खटल्यानंतर वर्तमानपत्रांत विधवांच्या, आणि पाहता पाहता सगळ्याच बायकांच्या, अनीतीवर लिहिले जाऊ लागले. 'पुणेवैभव' हे पत्र त्यात पुढे होते. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिले. त्यांचा रोख थोडक्यात असा, की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, आणि बाईला त्या वाटेवर नेणारा कोण? हे पुस्तक पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले होते. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा उजेडात आणले.

दुसरे उदाहरण पुण्याचे. जोतीराव फुले यांनी १८८४ सालच्या एका टिपणात काशीबाई या विधवेची हकीकत सांगितली आहे. ती त्यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस राहिले, गर्भ पाडण्याचे उपाय फसले, आणि जन्मलेले मूल तिने विहिरीत टाकले. खटला होऊन ती जन्मठेपेवर अंदमानला गेली. विधवांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घरी सोय केली, ती या घटनेमुळे.

भारतीय दंड संहिता १८६० साली झाली. तिच्या कलम ३१७ मध्ये मूल उघड्यावर टाकणाऱ्या 'बापाचा किंवा आईचा' उल्लेख होता, म्हणजे कायद्याच्या शब्दांत बाप होता. परंतु तपासात तो सापडायचा कसा? पोलीस पाटील येई, सुईण बोलावली जाई, बाईचे अंग तपासले जाई आणि तिथेच गुन्हा शाबीत व्हायला सुरुवात होई. पुरुषाच्या अंगावर तसली कोणतीच खूण राहत नाही. फौजदारी न्यायालयात बाई आली, की तिचे शरीर हाच पहिला मुद्देमाल ठरत आला, असे मला या खटल्यांवरून वाटते. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर दुरुस्त करावे.

---

दादरचा_दत्तू

काका, विषय चांगला आहे, पण एक बाजू सुटली आहे असे वाटते. आपल्या परंपरेत स्त्री अवध्य मानली गेली आहे. विजयालक्ष्मीची फाशीही अखेर टळलीच. जामिनाच्या तरतुदीतही स्त्रियांना सवलत आहे, आणि व्यभिचाराच्या कलमात तर बाईला शिक्षाच नव्हती, सगळी शिक्षा पुरुषाला होती. मग न्यायालयाने बायकांना अन्यायानेच वागवले असे कसे म्हणता येईल?

---

मोडी_वाचक

दत्तू यांनी 'अवध्य' शब्द काढला म्हणून लिहितो. बाईचा जीव सहसा घेत नसत हे खरे, पण त्याऐवजी काय होत असे तेही पाहावे लागते. पेशवाईतल्या कागदांत 'शिंदळकी' आणि 'बदकर्म', म्हणजे व्यभिचाराचे गुन्हे, वरचेवर भेटतात. शिक्षा जातीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे ठरे. कोणाला दंड, कोणाला कैद, आणि कित्येक बायकांना सरकारात कुणबीण, म्हणजे गुलाम दासी, करून घेतले जाई. अशा कुणबिणी किल्ल्यांवर, कोठ्यांत, कारखान्यांत राबत. त्यांची विक्री होई, त्या कोणाला बक्षीसही दिल्या जात. म्हणजे शिक्षा झालेली बाई ही सरकारच्या मालमत्तेत पडलेली भर असे. गुलामगिरीला कायद्याचा आधार उरणार नाही अशी तरतूद कंपनी सरकारने १८४३ साली केली.

'अवध्य' या शब्दात जीव वाचतो एवढेच आहे. पुढचे आयुष्य कोणाच्या हवाली, ते त्या शब्दात नाही.

---

काळाकोट_माहीम

मी गेली अठरा वर्षे वकिली करते, त्यामुळे दत्तूंच्या मुद्द्याला सविस्तर उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

आधी जामीन. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ४३७ पाहा. जन्मठेप किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यातही न्यायालय ज्यांना जामीन देऊ शकत असे, त्यांत सोळा वर्षांखालील व्यक्ती, स्त्री, आणि आजारी किंवा अशक्त मनुष्य यांची एकत्र नोंद होती. सवलत उपयोगी आहे आणि मी स्वतः ती माझ्या पक्षकारांसाठी मागते. पण बाईला कोणाच्या पंगतीला बसवले आहे ते नीट वाचावे. मूल, आजारी आणि बाई यांना एका ओळीत ठेवणारा माणूस तिला पुरती समर्थ व्यक्ती मानत नसावा. नव्या संहितेतही ती ओळ जवळजवळ तशीच उतरली आहे.

आता दंड संहितेतले व्यभिचाराचे कलम ४९७. मेकॉलेच्या मूळ मसुद्यात व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. नंतरच्या आयोगाने तो घातला आणि बाईला शिक्षेतून वगळले. कारण असे सांगितले गेले, की इथल्या मुली लहानपणीच लग्न होऊन जातात, नवऱ्याला अनेक बायका करण्याची मुभा असते, तेव्हा अशा बाईला आणखी कायद्याने शिक्षा करू नये. हे कारण दयाळू वाटते. परंतु कलमाची रचना पाहिली तर गुन्हा कोणाविरुद्ध आहे? नवऱ्याविरुद्ध. त्याची संमती किंवा मूकसंमती असेल तर गुन्हाच नाही. तक्रार करण्याचा हक्क त्याचा. नवरा बाहेर संबंध ठेवत असेल तर बायकोला त्याच्याविरुद्ध किंवा त्या दुसऱ्या बाईविरुद्ध या कलमाखाली काहीच करता येत नसे. दुसऱ्याच्या शेतात गुरे घालणाऱ्यावर फिर्याद करावी, तसे हे कलम होते. शेताला कोणी काही विचारत नाही.

हा प्रश्न मुंबईतूनच वर गेला होता. युसूफ अब्दुल अझीझ यांच्यावर याच कलमाखाली खटला झाला, तेव्हा बायकोला शिक्षा नाही आणि मला आहे, हा समानतेचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ते मानले नाही. या देशातल्या स्त्रियांची परिस्थितीच अशी होती, की त्यांच्या संरक्षणासाठी खास तरतूद लागली, असा त्यांचा विचार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली तोच निकाल कायम केला. गंमत अशी, की कलमाला आव्हान देणारा पुरुष होता, त्याचे समर्थन 'स्त्रियांसाठी खास तरतूद' म्हणून झाले, आणि या सगळ्यात ज्या बाईवरून खटला उभा राहिला तिला कोणी काही विचारल्याचे दिसत नाही. हे कलम अखेर २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने घटनाबाह्य ठरवले.

आणि फाशीचे म्हणाल, तर कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली होती. ती १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, ते दयेच्या अर्जावरील निर्णय आणि त्यानंतरची कार्यवाही यांत सरकारने लावलेल्या विलंबामुळे. त्या स्त्रिया आहेत, हे त्याचे कारण नव्हते.

---

दादरचा_दत्तू

काळाकोट ताई, पंगतीचा मुद्दा पटला. शेताचा दाखला जरा जास्त झाला असे वाटते, पण ताणत नाही. फक्त बाळहत्येबद्दल एक शंका आहे: इंग्रजांच्या स्वतःच्या देशात काय कायदा होता? तो आपल्याकडे आणला काय?

---

काळाकोट_माहीम

तिथे १६२४ चा एक भयानक कायदा होता. अविवाहित आईने मुलाचा मृत्यू लपवला, तर तिनेच खून केला असे गृहीत धरले जाई. मूल मेलेलेच जन्मले होते हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर, आणि तेही साक्षीदारानिशी. एकटी बाळंत झालेली बाई साक्षीदार आणणार कुठून? हा कायदा १८०३ साली रद्द झाला. याहून जुनी रीत अशी, की नवऱ्याचा खून करणारी बायको साध्या खुनाची नव्हे तर द्रोहाची गुन्हेगार ठरे, कारण नवरा हा तिचा धनी. त्यासाठी तिला जाळण्याची शिक्षा होती आणि ती १७९० पर्यंत कायद्यात होती. बायकोचा खून करणाऱ्या नवऱ्याला मात्र साधी फाशी.

पुढे १९२२ साली इंग्लंडने बाळहत्येचा वेगळा कायदा केला. बाळंतपणाच्या परिणामांतून आईचे मन सावरलेले नसेल, तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासारखा धरावा, असे त्यात ठरले आणि १९३८ साली त्याची व्याप्ती वाढवली. असा कायदा आपल्याकडे कधीच आला नाही. आजही आपल्या संहितेत अशा आईसाठी वेगळे कलम नाही. काशीबाईच्या वेळी होते तसेच, म्हणजे खून आणि मग न्यायाधीशाच्या मर्जीतली दया.

---

हँगिंग_गार्डन

बावला खून खटल्याचा उल्लेख राहिला. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांच्या मोटारीवर हल्ला झाला. त्यांचा खून झाला आणि सोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. ती इंदूरच्या महाराजांच्या दरबारातून निघून आली होती आणि तिला परत नेण्यासाठी हा घाट घातला गेला होता. उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे खटला चालला, एका आरोपीच्या बचावासाठी जिना उभे होते, आणि प्रकरणाचा शेवट तुकोजीराव होळकरांच्या १९२६ सालच्या पदत्यागात झाला. माझे आजोबा सांगत, की त्या दिवसांत ट्राममध्ये दुसरा विषय नसे.

---

निवृत्त_कारकून (धागाकर्ता)

हँगिंग_गार्डन, आठवण करून दिल्याबद्दल आभार. या खटल्यात मुमताज ही मुख्य साक्षीदार होती. 'नाचणारी', 'रखेल' असे शब्द ज्या बाईसाठी सर्रास वापरले जात, तिने न्यायालयात उभे राहून 'मला परत जायचे नव्हते' असे सांगावे आणि ते ग्राह्य धरले जावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. मात्र हल्ल्याच्या वेळी योगायोगाने ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथून जात होते. त्यांनी हल्लेखोरांशी झटापट केली आणि पुढे साक्षही दिली, हे विसरता येत नाही. ते गोल्फ खेळून परतताना दुसऱ्या रस्त्याने गेले असते, तर एकट्या मुमताजच्या शब्दावर खटला किती टिकला असता, हा विचार मनात येतोच.

आणखी एक. न्यायालयातल्या सगळ्या खुर्च्या तेव्हा पुरुषांच्या होत्या. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ सालचा. नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, तरी त्यांना रीतसर सनदेसाठी पुढची तीस वर्षे काढावी लागली. मुंबई उच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायमूर्ती यायला १९७८ साल उजाडले. सुजाता मनोहर त्यांचे नाव.

---

चंद्रपूरची_लेक

मी आता चेंबूरला राहते, पण मूळची चंद्रपूरची. १९७८ सालाचा उल्लेख आला आणि राहवले नाही, कारण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मथुरा नावाच्या मुलीच्या बलात्कार प्रकरणाचा निकाल दिला.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात ही घटना घडली. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. मुलगी चौदा ते सोळा वर्षांची, आईबाप नसलेली, मजुरी करणारी आणि आदिवासी. भावाने तिच्याबद्दल तक्रार दिली म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जायला सांगितले आणि तिला थांबवले. ठाण्याचे दार लागले, दिवे मालवले गेले. गणपत आणि तुकाराम हे दोन पोलीस आरोपी होते.

सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडले. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असे निकालात म्हटले होते. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचे सार, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले ते सर्वांत शहाणे वाक्य आहे. गणपतला पाच वर्षे आणि तुकारामला एक वर्ष शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, तेव्हा जे झाले ते शांतपणे झाले, असा तर्क होता.

काका, तुम्ही शरीर हाच मुद्देमाल म्हणालात. इथे त्याची उलटी बाजू आहे. काशीबाईच्या अंगावर खूण होती म्हणून ती गुन्हेगार ठरली, आणि मथुराच्या अंगावर खूण नव्हती म्हणून ती खोटी ठरली.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढच्या वर्षी मुंबईत बायका एकत्र आल्या आणि बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. निकालाचा फेरविचार झाला नाही, पण १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे पुराव्याच्या कायद्यात आले. सुनावणी बंद दाराआड घेण्याची आणि पीडितेचे नाव न छापण्याची तरतूदही तेव्हाचीच.

तरीसुद्धा पुरावा कायद्याच्या कलम १५५ चे चौथे पोटकलम जागेवरच होते. बलात्काराच्या आरोपीला, फिर्यादी बाई एकंदरीत अनीतिमान आहे असे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची त्यात मुभा होती. म्हणजे १८७२ सालच्या शब्दांनी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत उलटतपास चालला. ते पोटकलम २००२ च्या दुरुस्ती कायद्याने गेले. बाईला शरीरसंबंधाची सवय आहे का हे पाहणारी दोन बोटांची वैद्यकीय चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली चुकीची ठरवली, आणि ती थांबली नाही म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे पुन्हा बजावावे लागले.

---

मोडी_वाचक

चंद्रपूरच्या ताई, उत्तम प्रतिसाद. काकांच्या पहिल्या लेखनात एक स्पष्टता हवी होती. फुल्यांच्या संदर्भात दोन काशीबाई येतात आणि आंतरजालावर त्यांची सरमिसळ होते. अंदमानला गेली ती गोवंड्यांकडची काशीबाई. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी दत्तक घेतलेल्या यशवंताची आई ती दुसरी काशीबाई, १८७४ साली त्यांच्या घरी बाळंत झालेली. एकीचे मूल विहिरीत गेले आणि दुसरीचे डॉक्टर झाले. मधल्या काळात काय बदलले, तर बाळंत व्हायला एक दार उघडे होते, एवढेच.

---

काळाकोट_माहीम

कोठडीचा विषय निघाला आहे, तर मुंबईचेच उदाहरण नोंदवते. शीला बारसे या पत्रकाराने १९८२ च्या मे महिन्यात मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्या पत्रालाच याचिका मानून फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, तिथे पहाऱ्याला स्त्री शिपाई असाव्यात, स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसाच्या उपस्थितीतच व्हावी, अटकेची खबर नातेवाइकाला आणि विधी साहाय्य समितीला लगेच द्यावी, असे आदेश त्यात आहेत. सूर्यास्तानंतर बाईला अटक करू नये हा नियम, काही अपवाद ठेवून, संहितेत २००५ साली आला. आज आम्ही हे सगळे पाठ म्हणतो, पण मुळाशी एका बाईने वहीत टिपून घेतलेले पंधरा जणींचे बोलणे आहे.

---

दादरचा_दत्तू

मी आक्षेप घेऊन सुरुवात केली होती, आता फक्त वाचतो आहे. काका, तुमच्या नोकरीतला एखादा अनुभव सांगाल का?

---

निवृत्त_कारकून (धागाकर्ता)

दत्तू, खटल्याची ओळख पटेल असे काही सांगता येणार नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कापड गिरणीत काम करणारी एक बाई फिर्यादी होती. उलटतपासात बचावाच्या वकिलांनी तिला विचारले, की रात्रपाळीहून घरी सोडायला कोण येत असे, आणि तो नेहमी एकच असे की निरनिराळे. बाई हळू आवाजात बोलली. ऐकू आले नाही म्हणून तिला मोठ्याने बोलायला सांगण्यात आले. तिने मोठ्याने सांगितले. मागच्या बाकांवर इतर खटल्यांसाठी आलेली माणसे बसली होती, ती हसली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही, कारण तो प्रश्न तेव्हाच्या कायद्यात बसत होता. मी त्या दिवशीच्या रोजनाम्यात लिहिले, 'साक्षीदार क्रमांक एकची उलटतपासणी पूर्ण. पुढील तारीख.' त्यात चुकीचे काही नव्हते. रोजनाम्यात तेवढेच लिहायचे असते. माझे अक्षर चांगले होते, त्याबद्दल साहेबांनी दोनदा कौतुकही केले होते.

भाचीने हा धागा वाचला. तिने जुन्या खटल्यांचा एक तक्ता केला आहे. साल, न्यायालय, बाईचे नाव, आरोप, शिक्षा असे रकाने त्यात होते. परवा तिने शेवटी आणखी एक रकाना आखला आणि त्यावर 'पुरुष' असे लिहिले. काल मी तो भरायला बसलो, तर काशीबाईच्या ओळीत 'शास्त्री' एवढाच शब्द लिहिता आला. विजयालक्ष्मीच्या ओळीत मी पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे.